‘देयधम’ आणि कृतार्थतेची कल्पना

मानवी प्रेरणांच्या विवेचनात अब्राहम मॅस्लो यांच्या १९४३ मधील निबंधास मोठे स्थान लाभले आहे. तहानभूक, सुरक्षितता, स्नेह, प्रतिष्ठा आणि अखेरीस आत्मवास्तविकीकरण, अशी गरजांची चढती मांडणी त्यात आहे. हा क्रम ताठर नाही, हे मॅस्लो यांनी तेथेच नमूद केले होते. तथापि पाठ्यपुस्तकांनी त्याची शिडी केली. जुन्नरच्या लेण्यांतील प्राकृत दानलेखांपुढे ही शिडी कितपत टिकते, हे पाहण्याजोगे आहे.

महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्सगोत्री आयम, याने वर्ष ४६ मध्ये पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, व मंडप करविल्याचा लेख मानमोडी डोंगरात आहे. जुन्नरच्याच दुसऱ्या एका लेखात इरिल नामक यवनाने दोन पोढ्या दिल्या आहेत. आणखी एकात धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पोढी दिली आहे.

या लेखांची वाक्यरचना लक्षणीय आहे. दात्याचे नाव षष्ठीत येते. प्रथमेत असते ती वस्तू आणि ‘देयधम’ हे पद. त्यातील ‘देय’ हे विध्यर्थी कृदन्त असून ‘द्यावयाचे ते’ असा त्याचा अर्थ होतो. ‘अमक्याने दिले’ यापेक्षा ‘हे अमक्याचे देय’ असा वाक्याचा रोख आहे.

यावरून दात्यांना निःस्वार्थी ठरविणे मात्र भाबडेपणाचे होईल. आयमाच्या लेखात ‘पुण्यासाठी’ असा हेतू स्पष्ट सांगितला आहे. आणि कातळात नाव कोरविणाऱ्यास प्रतिष्ठेची इच्छा नव्हती, असे कोण म्हणेल? शिवाय ठरीव साच्याच्या वाक्यावरून एका व्यक्तीचे मन वाचता येत नाही. त्यावरून एवढेच कळते की, कोणती कृतार्थता उच्चारण्याजोगी आहे असे त्या समाजास वाटत होते.

परंतु तेवढेही पुरेसे आहे. शिडीच्या तळाशी असलेली तहान येथे दात्याच्या सर्वोच्च कृत्याचा विषय झाली आहे, कारण ती दुसऱ्याची तहान आहे. गरज कोणती, याइतकाच ती कोणाची, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. श्रेणीसारखा समूह दाता असतो, तेव्हा ‘आत्म’ कोणाचा, हेही विचारावे लागते. आयुष्याच्या अखेरीस मॅस्लो स्वतः आत्मातीततेच्या विचाराकडे वळले होते. पाठ्यपुस्तके मात्र बहुधा पूर्वीच्याच पायरीवर थांबतात.

परिभाषेची निवड म्हणूनच गौण नव्हे. ‘आत्मवास्तविकीकरण’ हा प्रतिशब्द विद्यार्थ्याचे लक्ष ‘स्व’कडे वळवितो, ‘कृतार्थ’ हा जुना शब्द पार पडलेल्या कार्याकडे. दोहोंतील हा भेद शिकविला न गेल्यास पोढी खोदविणाऱ्याची प्रेरणा मराठी मानसशास्त्रास आपल्या शब्दांत सांगता येणार नाही.