कायदा बघतो दुकानाकडे, माल अडकतो गोदामात

उरलेल्या अन्नावरचं संशोधन वाचायला घेतलं की फ्रान्सचा २०१६ चा कायदा भेटतोच. ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटने खाण्याजोगा माल नष्ट करायचा नाही, सेवाभावी संस्थेशी करार करून तिला द्यायचा. कायदा चांगला आहे. माझा आक्षेप आहे तो ‘हेच मॉडेल भारतात आणा’ म्हणून थांबणाऱ्या मांडणीवर.

खारबावचंच बघा. वसई-दिवा मार्गावरचं, भिवंडी तालुक्यातलं गाव. इथे दुकानं मोजून काही कळणार नाही, कारण हा तालुका गोदामांचा. मुंबई-ठाण्याच्या दुकानांत जाणारा बराच माल आधी भिवंडीत थांबतो. आता समजा, बिस्किटांची मुदत सहा महिन्यांची आहे आणि दोनच महिने उरलेत. मोठे खरेदीदार असा माल बहुतेक वेळा घेत नाहीत. किमान किती मुदत शिल्लक हवी हे आधीच ठरलेलं असतं. खोका चेपला तरी तेच. बिस्किटं उत्तम, पण विक्रीतून बाद. हा माल दुकानापर्यंत पोचतच नाही, मग दुकानाचं क्षेत्रफळ मोजणाऱ्या कायद्याला तो दिसणार कसा?

आकडेवारीतही हेच. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं: ६० टक्के घरांत, २८ टक्के हॉटेल-केटरिंगमध्ये, १२ टक्के दुकानांत. गोदामाचा वेगळा रकाना नाही.

आपल्याकडे नियमच नाहीत असंही नाही. एफएसएसएआयने २०१९ मध्ये उरलेलं अन्न गोळा करून वाटण्याचे नियम केले. पण ते ‘द्यायचं तर कसं’ एवढंच सांगतात, ‘द्याच’ म्हणत नाहीत. दुसरीकडे जीएसटी कायद्याचं कलम १७(५)(एच) आहे. माल नष्ट करा नाहीतर फुकट द्या, खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट दोन्हीकडे जातं. म्हणजे करापुरतं फेकणं आणि देणं सारखंच. वर देणाऱ्याला निवडानिवड, टेम्पो आणि कागदपत्रांचा खर्च. गोदामाचा मॅनेजर काय निवडेल, सांगायला नको.

आता घेणाऱ्याची बाजू. अहवालात किती किलो दिलं ते येतं. कोणी खाल्लं, किती खाल्लं, ते क्वचितच. भिवंडी तालुक्यातल्या वीटभट्ट्यांवर हंगामात कातकरी कुटुंबं येतात. तिथल्या मुलाची भूक बिस्किटाच्या पुड्याने तेवढ्यापुरती भागेल, पण त्याला डाळ आणि अंडं हवं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो धान्य हा हक्क आहे. स्थलांतरात तो हक्क हातात पडतो का, हा खरा प्रश्न. जॅनेट पॉपेनडीक यांनी ‘स्वीट चॅरिटी?’ (१९९८) या पुस्तकात अमेरिकेबद्दल हाच इशारा दिला होता: दान सुरळीत चाललं की हक्काची मागणी मागे पडते.

म्हणून दान नको, असं मी म्हणत नाही. नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या मालावरचं कर-क्रेडिट कायम ठेवा, नाकारलेल्या मालाची नोंद गोदामातच करा, आणि यश किलोत न मोजता ताटात काय पडलं त्यावर मोजा. तुमच्यापैकी कोणी गोदामात काम करत असेल, तर परत आलेल्या मालाचं पुढे काय होतं ते जरूर कळवा.