एकोणसत्तर पानांचा पुडा

२०१९च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. ‘एकवीस’ला ‘वीस एक’, ‘त्रेसष्ट’ला ‘साठ तीन’ असे संख्यावाचन पुस्तकात आले होते. वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरले, विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावावरही कोटी झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी आपली बाजू शांतपणे मांडली. २०२३मध्ये त्या गेल्या. वाद त्याआधीच विरला होता. तरी तो पुन्हा उघडावा असे मला वाटते. लहान मूल गणितात विचार कधी करू लागते, हा त्यातला खरा प्रश्न होता आणि दोन्ही बाजू त्याच्या शेजारून निघून गेल्या.

नारळीकरांचे म्हणणे खोटे नव्हते. ‘त्रेपन्न’ ऐकताना मुलाच्या कानावर आधी तीन पडतात, मग पन्नास. लिहिताना मात्र आधी पाच, मग तीन लिहायचे. मग ५३च्या जागी ३५ येतात. त्यात ‘त्र्याण्णव’सारखी जोडाक्षरे. कन्नड, तेलुगूत दशक आधी बोलतात, इंग्रजीतही विसाच्या पुढे तसेच. जर्मनीत आपल्यासारखेच एकक आधी येते आणि तिथेही त्यावर वाद चालतो. नॉर्वेत तर संसदेच्या ठरावाने १९५१मध्ये क्रम बदलला, तरी जुनी रीत लोकांच्या तोंडून पुरती गेली नाही.

विरोधकांचेही सगळे फोल नव्हते. बाजारात कोणी ‘साठ तीन रुपये’ मागत नाही. पाढ्यांची लय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि ती नव्या नावांत बसत नाही. पण एका बाजूने सांगितले, सोपे नाव द्या. दुसरीने सांगितले, जुने पाठ करून घ्या. दोन्हीकडे मुलाने फक्त घ्यायचे होते. विचारायचे काही नव्हते.

हे मला चिचगडच्या एका अंगणात कळले. आमच्या भागात मे महिन्यात तेंदूपान तोडतात. पुडा सत्तर पानांचा असतो. तिसरीतली एक मुलगी आईशेजारी बसून पाने मोजत होती. पुडा बांधण्याआधी थांबली आणि म्हणाली, ‘‘एक पान कमी हाये.’’ मी विचारले, किती झाली? ‘‘एकोणसत्तर.’’ हीच मुलगी पाटीवर ६९ लिहिताना ७९ लिहीत असे. ‘सत्तर’ ऐकले की सात लिहायचे, एवढेच तिला ठाऊक. अंगणात मात्र तो शब्द तिला नेमका कळत होता: सत्तराला एक उणे.

‘साठ नऊ’ हे नाव हातात किती आहेत ते सांगते. ‘एकोणसत्तर’ हे नाव किती कमी आहेत ते सांगते. पाने मोजणाऱ्याला दुसरे हवे, पाटीवर लिहिणाऱ्याला पहिले. एकाच संख्येकडे दोन दिशांनी पाहता येते हे मुलाला उमगणे म्हणजेच गणितातला विचार. दोन्ही नावे शेजारी छापून तो आपोआप येत नाही. त्या दोहोंच्या मध्ये एक प्रश्न ठेवावा लागतो: ही दोन्ही नावे एकाच संख्येची कशी? कोणते कधी कामाचे?

असा प्रश्न मुले आपणहून विचारतात. आपणच तो दाबतो. मीही दाबला आहे. संध्याकाळी ओसरीवर काही मुले अभ्यासाला बसत. मी एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणनव्वद समजावून दिले. एका मुलाने विचारले, ‘‘काका, मंग एकोणशंभर काहून नाही?’’ मला उत्तर येत नव्हते. मी म्हणालो, ‘‘नव्व्याण्णवच म्हणतात. पाठ कर.’’ त्याने पाठ केले. पुढे त्याने मला गणितातले ‘काहून’ विचारल्याचे आठवत नाही.

त्या पोराने नियम ओळखला होता, तो पुढे चालवून पाहिला होता आणि तो कुठे मोडतो ते पकडले होते. गणिती याहून वेगळे काय करतो? मी एवढेच म्हणायला हवे होते, ‘‘खरेच की. आणखी कुठे मोडतो, शोधू या.’’ मग कोणी हिंदीतले ‘नवासी’ आणले असते. आमच्यापासून छत्तीसगड जवळ, हिंदी कानावर असतेच. आपला एकोणनव्वद तिकडे नऊ आणि ऐंशी मिळून होतो, हे मुलांनीच ताडले असते. गोंडी बोलणाऱ्या घरातल्या मुलाने उंदी, रंड, मूंद, नालुंग म्हणून दाखवले असते. ज्या घरच्या भाषेला वर्गात अडचण समजतात, तीच तिथे पुरावा झाली असती.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मुलाच्या विचाराचे गणितीकरण करा असे सांगतो. शब्द जड आहे, काम साधे आहे. ५३च्या जागी ३५ आले की फुली मारण्याआधी विचारावे, तू काय ऐकलेस? बरोबर आले तरी विचारावे, कशावरून? उत्तर येत नसेल तर शिक्षकाने तसे म्हणावे. याला नवे पुस्तक लागत नाही. वेळ लागतो, आणि ‘अंकांत लिहा, अक्षरांत लिहा’ एवढेच विचारणाऱ्या चाचणीत त्या वेळेला गुण नाहीत. माझ्या मते २०१९चा वाद तिथे व्हायला हवा होता.

नारळीकरांनी मुलांची अडचण पाहिली आणि ती मुलाच्या डोक्यात नसून भाषेत आहे असे सांगण्याचे धैर्य दाखवले. टीकाकारांनी त्याचे श्रेय दिले नाही. मला त्यापुढे एक पाऊल हवे होते. भाषेतली ती अडचण मुलांसमोरून उचलून नेण्याऐवजी त्यांच्याच पुढ्यात ठेवायची. सत्तर पानांत एक कमी आहे हे ज्या मुलीला मोजता मोजता कळते, तिला ‘साठ नऊ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांतला फरक नक्की पेलेल.

तो मुलगा आता मोठा झाला. एकोणशंभर का नाही, याचे पुरते उत्तर माझ्याकडे आजही नाही. भेटला की तेवढे तरी त्याला सांगायचे आहे.