वाचनपातळी आणि बालकादंबरी : मणिबेलीच्या संदर्भात एक विचार

बालवाचकाच्या हाती कोणती कादंबरी द्यावी, हा प्रश्न आज बहुधा त्याच्या वाचनपातळीवरून सोडविला जातो. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ मध्ये सुरू झालेल्या 'असर' सर्वेक्षणात अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा पायऱ्या आहेत. मूल नेमके कोठे अडते हे कळण्यासाठी ही मोजणी उपयुक्त आहे. परंतु ही शिडी गोष्टीपाशी संपते. कादंबरी तिच्या पलीकडे सुरू होते.

या मर्यादेचा प्रत्यय मणिबेलीसारख्या गावाच्या संदर्भात येतो. अक्कलकुवा तालुक्यातील नर्मदाकाठचे हे गाव १९९०च्या दशकात सरदार सरोवराच्या बुडितामुळे आणि त्याविरुद्धच्या लढ्यामुळे परिचित झाले. नर्मदा बचाओ आंदोलनाने याच दशकाच्या आरंभी या खोऱ्यात जीवनशाळा सुरू केल्या. या परिसरातील मुलांची घरची बोली भिलोरी वा पावरी. प्रमाण मराठी त्यांना प्रामुख्याने शाळेत भेटते. साहजिकच बारा वर्षांच्या मुलाची मराठी वाचनपातळी दुसरीची ठरू शकते. मात्र त्याचे जीवनभान दुसरीतल्या मुलाचे नसते. विस्थापनाच्या आठवणी ऐकत वाढलेल्या मुलाला केवळ पातळीच्या आधारे शिशुकथा देणे, हा त्याच्या बुद्धीचा अवमान होय.

साने गुरुजींची 'श्यामची आई' या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. तिची वाक्ये सुटसुटीत आहेत, म्हणून ती 'सोपी' ठरते. प्रत्यक्षात कोकणातील ब्राह्मण कुटुंबातील व्रते, सोवळे-ओवळे यांचा शब्दसंसार सातपुड्यातील मुलास अनोळखी आहे. तरीही बेचाळीस रात्रींची कथनरचना हे तिचे मोठे बळ. प्रत्येक रात्र स्वतंत्रपणे ऐकता येते आणि मौखिक परंपरेत वाढलेल्या मुलाला ही रीत परकी वाटत नाही. भा. रा. भागवतांच्या 'फास्टर फेणे'ची स्थिती वेगळी आहे. त्यातील पुणे, सायकल, विद्यार्थिवसतिगृह हे वातावरण शहरी आहे. पण 'पुढे काय?' ही उत्कंठा अनोळखी शब्दांवरून वाचकास ओढून नेते. दोन्ही ठिकाणी काठिण्य शब्दांत आहे आणि आधार रचनेत. पातळीमापन यातील पहिलीच बाजू पाहते.

ऐकून समजण्याची क्षमता आरंभीच्या वाचकात स्वतः वाचण्याच्या क्षमतेपेक्षा सामान्यतः पुढे असते. म्हणून शिक्षकाने एक प्रकरण मोठ्याने वाचावे आणि मुलास ते त्याच्या बोलीत सांगू द्यावे. त्याच्या सांगण्यात काय उरले, काय गळले आणि त्याने स्वतःचे काय मिसळले, यावरून कादंबरीची योग्यता ठरवावी.

सारांश, वाचनपातळी ही अध्यापनाच्या आरंभाची खूण आहे. ती वाचकाच्या आकलनाची सीमा नव्हे. तिला सीमा मानल्यास ज्या मुलांना साहित्याची सर्वाधिक गरज आहे, तीच कादंबरीपासून वंचित राहतील.