चक्खुपालांचे डोळे

धम्मपदाच्या पहिल्या गाथेचा आधार घेऊन ‘रोग विचारांतून उपजतो, विचार बदला म्हणजे रोग जाईल’ असा उपदेश अलीकडे सर्रास केला जातो. गाथेचा हा अर्थ आम्हांस मान्य नाही.

या गाथेची अट्ठकथाच पाहावी. वर्षावासाचे तीन महिने अंग टेकावयाचे नाही, असा चक्खुपाल थेरांचा निश्चय होता. महिनाभरात डोळे बिघडले. वैद्याने नाकात घालावयास तेल दिले. थेरांनी ते न निजता, बसूनच घेतले. गुण आला नाही. वैद्य विहारात येऊन पाहतो तो निजावयास जागाच नाही! अखेर त्याने उपचार सोडला. थेरांना अर्हत्व लाभले, दृष्टी मात्र गेली. वैद्यास कारण स्वच्छ कळले होते. अट्ठकथाकारास ते पुरेसे वाटले नाही. त्याने थेरांना पूर्वजन्मी वैद्य केले, त्यांच्या हातून एका स्त्रीचे डोळे घालविले आणि हिशेब जुळविला. हा हिशेब आमच्या समाजाच्या चांगल्या परिचयाचा आहे. आमच्या दैन्याचे कारणही असेच मागील जन्मात दाखविले जात असे. अशा सिद्धान्ताने समाजाची जबाबदारी टळते, हे बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात दाखवून दिले आहे.

वस्तुतः संयुत्तनिकायातील मोलियसीवक सुत्तात वेदनांची आठ कारणे येतात: पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुपालट, विषम आचरण, आघात आणि कर्मविपाक. सर्व वेदना पूर्वकर्मामुळेच, हे मत भगवंतांनी तेथे स्पष्टपणे खोडले आहे. चक्खुपालांचा आजार विषम आचरणात सहज बसतो.

मनाचा देहावर परिणाम होतो, हे आम्ही नाकारीत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर अमेरिकेतील संशोधकांनी लहानशी जखम करून पाहिली. तुलनेसाठी घेतलेल्या १३ स्त्रियांपेक्षा ती भरण्यास सरासरी ९ दिवस अधिक लागले, असे १९९५ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु त्या स्त्रियांचे विचार का वाईट होते? त्यांच्यावर भार होता. त्यांना सद्विचारांचे प्रवचन देण्यापेक्षा कोणी रात्रीची जाग वाटून घेतली असती, तर तो खरा उपचार झाला असता.

विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने पीडित, स्वतःच्या मलमूत्रात पडलेला एक भिक्खू आहे. भगवंतांनी त्यास प्रथम व्याधी विचारली, मग शुश्रूषेस कोणी आहे काय ते विचारले. कोणी नव्हते. तेव्हा त्यांनी आनंदास पाणी आणावयास सांगितले.