शेवटच्या खाचेतला आवाज

गेल्या महिन्यात पुतण्याने माझ्यापुढे एक तबकडी ठेवली आणि म्हणाला, "काका, आधी ऐका, मग नाक मुरडा." नाक मुरडण्याबद्दल माझी घरात ख्याती आहे, आणि कव्हर पाहून तिला जागावे असे मला वाटलेही. लंडनच्या हेडन स्ट्रीटवरची ओली रात्र, खोक्यांचा ढीग, आणि एक पाय वर टेकवून उभा असलेला काटकुळा गिटारवाला. छायाचित्र मुळात काळेपांढरे. रंग मागाहून हाताने भरलेले. एकूण प्रकार असा, की खरे काय आणि रंगवलेले काय, हे कळू नये.

डेव्हिड बोवीची 'झिगी स्टारडस्ट' १९७२ साली निघाली. पन्नास वर्षे भरली म्हणून २०२२ मध्ये ती नव्याने कापून बाजारात आली. जगाला पाचच वर्षे उरली अशी बातमी येते, झिगी नावाचा गायक उगवतो, चाहते त्याला डोक्यावर घेतात आणि तिथेच त्याचा शेवट होतो, असे हे कथानक. बोवीने ही भूमिका केशरी केसांनी आणि रंगवलेल्या चेहऱ्याने वठवली, आणि ३ जुलै १९७३ रोजी हॅमरस्मिथ ओडियनच्या रंगमंचावर तिला निरोप दिला. या पंथाला ग्लॅम रॉक म्हणतात. पुरुषाने पावडर लावली म्हणून तिकडे पुष्कळांच्या भुवया चढल्या. बालगंधर्वांच्या शालूंच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आम्ही कशाला बिचकावे? फरक एवढाच, की नारायणराव रंगमंचावर स्त्रीच होत. बोवी मात्र पुरुष की स्त्री हा प्रश्न प्रेक्षकांच्या गळ्यात टाकून मोकळा होतो.

पण मला बोलायचे आहे ते शेवटच्या गाण्याविषयी. 'रॉक अँड रोल सुइसाइड' साध्या गिटारवर, जवळजवळ कुजबुजत सुरू होते आणि मग गायक एकट्या पडलेल्या श्रोत्याला अक्षरशः ओरडून हाक मारतो. सगळ्या तबकडीतला सर्वांत उत्कट क्षण हाच. आणि तो पडतो नेमका सर्वांत अडचणीच्या जागी! तबकडी मिनिटाला तेहतीस-एकतृतीयांश फेरे घेते, कडेला काय नि मध्याजवळ काय. कडेला एका फेऱ्यात सुईला सुमारे नव्वद सेंटिमीटर वाट मिळते. अगदी आत निम्मीही नाही. तेवढ्याच वेळाचा नाद आखूड वाटेत कोंबायचा, म्हणजे वरचे स्वर चिरकणारच. पुतण्याच्या एका मित्राकडे जुनी, झिजलेली प्रत होती. तिच्यावर बोवी ओरडतो की सुई ओरडते, हे मला शेवटपर्यंत उमगले नाही.

नवी आवृत्ती जॉन वेबर यांनी अर्ध्या वेगाने कापली आहे. मूळ ध्वनिमुद्रण निम्म्या गतीने चालवायचे, खाच कोरणारे यंत्रही निम्म्या गतीने, म्हणजे कोरणीला सूक्ष्म वळणे घ्यायला दुप्पट सवड मिळते. याने आतली वाट लांब होत नाही, पण फरक पडतो. मिक रॉन्सनने बांधलेला व्हायोलिनांचा मेळ आता आवाजामागे निराळा उभा राहतो, आणि गळा फाटतो तो गायकाचाच, हे स्पष्ट ऐकू येते. जुन्या खरखरीतच खरी जान होती, असे म्हणणारे शौकीन भेटतात. मला ते पटत नाही. खरखर ही प्लास्टिकची; वेदना माणसाची. दोन्हींची गल्लत करणे हा भाबडेपणा झाला.

सगळेच सोन्याचे आहे असे नाही. पहिल्या बाजूच्या अखेरचे 'इट एन्ट ईझी' हे रॉन डेव्हिसचे गाणे, आधीच्या वर्षी मुद्रित केलेले. कथेत ते आगंतुकासारखे येऊन बसते, आणि कितीही निगुतीने कापले तरी आगंतुकच राहते. तिथे मी चहा टाकायला उठतो.

दुसरी बाजू मात्र बसूनच ऐकतो. पुतण्याने तबकडी दोनदा मागितली. दिवाळी झाल्यावर देतो, म्हणून सांगितले आहे.