खासदारांचे प्रश्न मोजण्याआधी वाचा : एल्फिन्स्टनच्या पुलाच्या निमित्ताने

राज्यशास्त्रात पीएचडी करू पाहणाऱ्यांच्या सिनॉप्सिसमध्ये एक विषय हमखास सापडतो : 'अमुक मतदारसंघाच्या खासदारांची संसदीय कामगिरी'. पद्धतही ठरलेली असते. संसदेच्या संकेतस्थळावरून प्रश्नांची यादी उतरवायची, मंत्रालयांप्रमाणे एक्सेलमध्ये रकाने पाडायचे, दोन-चार रंगीत आलेख काढायचे आणि निष्कर्ष लिहून टाकायचा : यांनी जास्त प्रश्न विचारले, म्हणजे हे जास्त सक्रिय. वर्तमानपत्रांतली प्रगतिपुस्तकं आणि खासदारांना मिळणारे पुरस्कारही बऱ्याच अंशी याच आकड्यांवर उभे असतात.

या पद्धतीवर माझा आक्षेप आहे. प्रश्नांची संख्या ही माहिती आहे, पण ती कामगिरी नाही. प्रश्नाचा अर्थ उत्तराशिवाय लागत नाही, आणि उत्तराचा अर्थ पुढे काय झालं हे पाहिल्याशिवाय लागत नाही. दक्षिण आणि मध्य मुंबईचं उदाहरण घेऊन हे जरा सविस्तर सांगतो.

आकडा कशाचा असतो?

लोकसभेत रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीवर घेतले जातात. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी येतं, सभागृहाच्या पटलावर ठेवलं जातं आणि तिथेच थांबतं. त्यावर उपप्रश्न नाही. प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, आणि कोणाचा प्रश्न यादीत येईल हे सोडतीने ठरतं.

आता विचार करा. तुमच्या एक्सेलमधला आकडा 'खासदाराने किती प्रश्न विचारले' हे सांगतच नाही. दिलेल्या सूचनांपैकी सोडतीत आणि नियमांच्या चाळणीत किती टिकले, एवढंच तो सांगतो. शिवाय अनेकदा एकाच प्रश्नावर तीन-चार खासदारांची नावं असतात. माणसागणिक मोजलंत तर एकच उत्तर चार वेळा मोजलं जातं.

आणखी एक खड्डा. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. दक्षिण मुंबईचे खासदार अरविंद सावंत मे ते नोव्हेंबर २०१९ या काळात केंद्रात अवजड उद्योगमंत्री होते. त्या काळातलं त्यांच्या नावासमोरचं शून्य 'निष्क्रियता' म्हणून आलेखात उतरलं, तर चूक आलेखाची आहे. तसंच सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात करोनामुळे प्रश्नोत्तराचा तासच झाला नाही, फक्त लेखी उत्तरं दिली गेली. त्या अधिवेशनात तोंडी प्रश्न का दिसत नाहीत, याचं उत्तर कोणत्याही खासदाराच्या स्वभावात शोधू नका.

हाच भाग का घेतला?

गिरगाव ते दादर हा पट्टा लेखी प्रश्नांच्या अभ्यासाला फार सोयीचा आहे, कारण इथली बरीच जमीन केंद्र सरकारच्या कुठल्या ना कुठल्या खात्याशी बांधलेली आहे. रेल्वेची स्थानकं आणि यार्डं आहेत. पूर्व किनाऱ्यावर बंदराची जमीन आहे. मुंबईतल्या ५८ कापड गिरण्यांपैकी २५ राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या 'एनटीसी'कडे होत्या, आणि हे महामंडळ केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाखाली येतं. चैत्यभूमीजवळच्या इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांचं स्मारक व्हायचं, तर निर्णय दिल्लीत व्हावा लागला तो यामुळेच.

पण त्याच जमिनीवर काय बांधायचं, किती बांधायचं, याचे नियम राज्याचे. गिरण्यांच्या जमिनींसाठीचा विकास नियंत्रण नियमावलीतला गाजलेला नियम ५८ राज्याने १९९१ मध्ये आणला आणि २००१ मध्ये राज्यानेच बदलला. म्हणजे लालबागच्या गिरणी चाळीतल्या माणसाचा एकच प्रश्न दोन सभागृहांत विभागला जातो. आमदार तो विधान भवनात नगरविकास खात्याला विचारणार, खासदार लोकसभेत वस्त्रोद्योग मंत्रालयाला. आमदाराला केंद्रीय मंत्र्याला जाब विचारता येत नाही. आणि लोकसभेच्या कामकाजाच्या नियम ४१ प्रमाणे खासदाराला मुळात केंद्राच्या अखत्यारीत नसलेली गोष्ट विचारता येत नाही.

म्हणून इथे प्रश्नाची शब्दरचना हाच खरा कस असतो. समजा, एखाद्याने विचारलं, 'गिरणी चाळीतल्या रहिवाशांना घरं कधी मिळणार?' तर 'हा विषय राज्य शासनाचा आहे' असं म्हणून मंत्रालय मोकळं. त्याऐवजी असं विचारलं, 'महामंडळाकडे पुनर्विकासाचे किती प्रस्ताव कोणत्या तारखांना आले, किती प्रस्तावांना ना-हरकत दिली, आणि उरलेले कोणत्या कारणाने अडले?' तर आता सुटायला वाट नाही. ना-हरकत महामंडळाने द्यायची आहे आणि महामंडळ मंत्रालयाचं आहे. ही दोन्ही वाक्यं मी उदाहरणादाखल रचली आहेत, पण आकड्यांच्या तक्त्यात दोन्हींना एकच गुण मिळतो, हे लक्षात घ्या.

पुलाची कागदपत्रं

२९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदल्या दिवसाची सकाळ. पश्चिम रेल्वेचं एल्फिन्स्टन रोड आणि मध्य रेल्वेचं परळ यांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर पावसामुळे लोक थांबून राहिले, गर्दी दाटली आणि चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. 'फूल पडलं' हे कुणाला तरी 'पूल पडला' असं ऐकू आलं आणि पळापळ झाली, अशी हकीकत तेव्हा सगळीकडे सांगितली गेली. रेल्वेच्या चौकशीत पावसामुळे झालेल्या गर्दीवर भर होता.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते यानंतर बाहेर आलेलं पत्र. सावंत यांनी या पुलाबद्दल आधीच रेल्वेमंत्र्यांना लिहिलं होतं. तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांना उत्तर दिलं होतं. त्याचा आशय असा की तक्रार रास्त आहे, पण जागतिक बाजारातल्या मंदीमुळे रेल्वेकडे निधीची चणचण आहे. दक्षिण-मध्य मुंबईचे तेव्हाचे खासदार राहुल शेवाळे यांनीही या स्थानकाच्या पुलाचा पाठपुरावा केला होता.

हे उत्तर संशोधकाच्या नजरेने वाचू. त्यात तीन गोष्टी आहेत.

पहिली : उत्तर तक्रार नाकारत नाही. गर्दी आहे, पूल अपुरा आहे, हे मंत्रालय मान्य करतं. म्हणजे 'आम्हाला माहीत नव्हतं' हा बचाव या कागदाने कायमचा बंद केला. खासदाराने मिळवलं असेल तर हे.

दुसरी : कारण परळमधून उचलून थेट जगाच्या बाजारात नेऊन ठेवलं आहे. कारण जितकं दूरचं, तितकं ते तपासायला अवघड. या पुलाला किती पैसे लागतील, कोणत्या वर्षाच्या आराखड्यात तो येऊ शकतो, या आधी कोणती कामं आहेत, यातलं काहीच अशा उत्तरातून कळत नाही. सरकारी उत्तर वाचताना ही सवय लावून घ्या : कारण प्रश्नाच्या मापाचं आहे का, हे आधी बघा.

तिसरी : हे उत्तर इतर कागदांशी जुळतं का? दुर्घटनेनंतर असंही पुढे आलं की तिथे नवा रुंद पूल मंजूर होता आणि काम निविदेच्या पातळीवर होतं. एका कागदावर चणचण, दुसऱ्यावर मंजुरी. यातलं एक खोटं असलंच पाहिजे असं नाही, मधे काळ गेलेला असतो. पण मंजुरी आणि निविदा यांच्यामधली ती पोकळी संशोधनाचा खरा विषय आहे. दुर्घटनेनंतर लष्कराला काम दिल्याची घोषणा ३१ ऑक्टोबर २०१७ ला झाली आणि २७ फेब्रुवारी २०१८ ला नवा पादचारी पूल लोकांसाठी उघडला. चार महिने लागले. आणीबाणीच्या कामाची तुलना नेहमीच्या कामाशी सरळ करता येत नाही, हे मान्य. तरी 'निधी' हे एकमेव कारण म्हणून किती टिकतं, याची परीक्षा या चार महिन्यांनी घेतली.

आणि आता सगळ्यात मोठा मुद्दा. हा पत्रव्यवहार प्रश्नांच्या कुठल्याच यादीत नाही. ते पत्र होतं, संसदेतला प्रश्न नव्हता. पटलावर ठेवलेलं उत्तर त्याच दिवशी सार्वजनिक होतं, पत्राचं उत्तर फाइलमध्ये राहतं. हे पत्र लोकांना कळलं ते माणसं गेल्यानंतर. म्हणजे या मतदारसंघाच्या गेल्या काही वर्षांतल्या सर्वात गंभीर पाठपुराव्याला तुमच्या तक्त्यात जागाच नाही. मला त्यातून पडणारा प्रश्न असा : लोकप्रतिनिधी कोणती गोष्ट प्रश्न म्हणून विचारतो आणि कोणती पत्राने मागतो? काम करून घ्यायचं असेल तर पत्र बरं, कारण मंत्री दुखावत नाही. नोंद करून ठेवायची असेल तर प्रश्न बरा. खासदार सत्तेतल्या पक्षाचा किंवा मित्रपक्षाचा असेल (२०१६ मध्ये शिवसेना केंद्रातल्या सत्तेत होती) तर तो कुठला मार्ग निवडतो? यावर मुंबईपुरता जरी कुणी नीट प्रबंध लिहिला, तरी मी तो आधी वाचेन.

'विचाराधीन' म्हणजे काय?

लेखी उत्तरांमध्ये एक शब्द वारंवार येतो : 'विचाराधीन'. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळावा म्हणून रंगनाथ पठारे समितीचा अहवाल २०१३ मध्ये केंद्राकडे गेला आणि दर्जा मिळाला ३ ऑक्टोबर २०२४ ला. मधल्या अकरा वर्षांत महाराष्ट्राच्या खासदारांनी हा विषय पुन्हा पुन्हा काढला आणि प्रस्ताव विचाराधीन असल्याचं ऐकलं.

आपण हे वाचून चिडतो आणि पुढे जातो. संशोधकाने इथे थांबायचं असतं. 'विचाराधीन आहे', 'माहिती गोळा करून पटलावर ठेवू' अशा शब्दप्रयोगांना संसदेच्या भाषेत आश्वासन मानलं जातं. लोकसभेची शासकीय आश्वासन समिती १९५३ पासून आहे आणि असं आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. नाही झालं तर मुदतवाढ मागावी लागते. म्हणजे प्रश्नाचं पुढे काय झालं, याचा माग या समितीच्या अहवालांत सापडतो. कामगिरी मोजायचीच असेल तर हा आकडा मोजा : किती प्रश्नांतून आश्वासन निघालं, आणि त्यातलं किती पुरं झालं?

प्रश्नाला पाठपुरावा मिळाला की काय होतं, याचं जुनं उदाहरण मुंदडा प्रकरण. आयुर्विमा महामंडळाच्या शेअरखरेदीबद्दल सप्टेंबर १९५७ मध्ये लोकसभेत प्रश्न आला. उत्तराने समाधान झालं नाही, म्हणून विषय पुन्हा आला. डिसेंबरमध्ये फिरोज गांधी सविस्तर बोलले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा चौकशी आयोग नेमला गेला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. मोजायला गेलात तर पहिला प्रश्न एकच भरेल. वजन होतं ते साखळीत.

मग मोजायचंच नाही का?

मोजा की. अशोका विद्यापीठाच्या त्रिवेदी सेंटरने १९९९ ते २०१९ या काळातल्या लोकसभेच्या प्रश्नांचा मोठा डेटासेट खुला केला आहे. कोणत्या समाजगटाबद्दल संसद किती विचारते, कोणत्या मंत्रालयाला कधी जास्त घेरते, हे हजारो प्रश्न एकत्र पाहिल्याशिवाय कळणार नाही. तिथे मोजणी हवीच. माझी तक्रार एका खासदाराला आकड्यावरून चांगला किंवा वाईट ठरवण्याबद्दल आहे. एका मतदारसंघाचा अभ्यास करताय ना? मग शे-दोनशे प्रश्न आणि त्यांची उत्तरं हाताने वाचणं अशक्य नाही.

कामाला लागताना काही गोष्टी सांभाळा. नुसत्या शब्दावर शोध घेऊ नका. एल्फिन्स्टन रोडचं नाव जुलै २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, मध्य रेल्वेच्या बाजूला तेच ठिकाण परळ आहे, आणि हिंदी मजकुरात ते 'परेल' होतं. मंत्रालय आणि तारीख धरून शोधा. 'एल्फिन्स्टनचा पूल' म्हणजे कोणता, हेही तपासा. पादचारी पूल वेगळा आणि सप्टेंबर २०२५ मध्ये शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी बंद केलेला वाहनांचा पूल वेगळा. शून्य प्रहर आणि नियम ३७७ खाली मांडलेले विषय प्रश्नांत मिसळू नका, पण सोडूही नका. आणि तक्त्यात चार रकाने ठेवा : काय विचारलं, कोणाला विचारलं, उत्तरात नेमकं काय मान्य केलं, पुढे काय झालं. चौथा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. कधी त्यासाठी माहितीचा अधिकार वापरावा लागेल, कधी परळला जाऊन पुलावर उभं राहावं लागेल.

हा चौथा रकाना रिकामा ठेवून केलेला अभ्यास फेब्रुवारी २०१६ मध्येच संपतो. तिथे खासदाराने विचारलेलं आहे, मंत्र्याने उत्तर दिलेलं आहे, दोघांचंही काम कागदावर चोख आहे. पुलावरची माणसं मात्र त्यात कुठेच येत नाहीत.