मी हाय खाली

मंडळाच्या स्मरणिकेसाठी मल्लखांबावर काहीतरी लिहून द्या, असं सुनेनं फोनवर सांगितलं. त्याच्या आदल्याच दिवशी नातीचा व्हिडिओ आला होता. न्यू जर्सीतल्या एका शाळेचा हॉल, जमिनीवर निळ्या गाद्या, छताच्या तुळईला टांगलेला दोर, आणि तो दोर पायाच्या अंगठ्यात पकडून सरसर वर जाणारी आमची दहा वर्षांची पोर. नातीला डोळे भरून एकदा पाहिलं. नंतर सात-आठ वेळा पाहत राहिलो ते खाली उभ्या असलेल्या तिच्या सरांना. मान वर, नजर पोरीच्या कमरेवर, दोन्ही हात छातीपुढे अर्धे उघडे. चाकूरच्या शाळेच्या मैदानात आमचे सर अगदी असेच उभे राहायचे.

सर गेले तेव्हा नव्वदीला टेकले होते. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, कारण आपलं नाव कुठं छापून आलेलं त्यांना आयुष्यभर आवडलं नाही. निजामाच्या राज्यात जन्मले, पोलीस अ‍ॅक्शन कळत्या-न कळत्या वयात पाहिली, पुढं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकले आणि परत आपल्याच मुलखात येऊन मास्तर झाले. मी पाचवीत होतो तेव्हा लातूर जिल्हा व्हायचा होता. १९८२ अजून लांब होतं आणि आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत होतो. सरांनी आल्या आल्या एक सागवानी सोट मिळवला, सुताराच्या दारात चार दिवस बसून तो तासून घेतला आणि मैदानाच्या कडेला पुरला. बुंध्याशी जाड, वर निमुळतं होत गेलेलं अंग, मग बारीक मान आणि टोकाला बोंड. जमिनीपासून साधारण साडेआठ फूट. रोज सकाळी त्याला एरंडेल चोळायचं काम आमच्याकडं असे. त्या तेलाचा वास दिवसभर अंगाला राहायचा आणि वर्गातल्या बाकीच्या पोरांना कळायचं, हा आज खांबावर होता.

पहिले कित्येक दिवस नुसती साधी उडी. मग बगली, मग दसरंग. उलटं व्हायचं, मांड्यांची पकड बसवायची आणि हात सोडायचे. माझे हात काही सुटत नव्हते. रक्त डोक्यात उतरलेलं, मैदान उलटं दिसतंय, आणि खालून आवाज, "सोड लेकरा. मी हाय खाली." तिसऱ्या दिवशी सोडले. पडलोही. सरांच्या दंडावर पडलो, त्यांचा खांदा पुढं महिनाभर दुखत होता, हे मला कितीतरी वर्षांनी त्यांच्या घरून कळलं.

आमच्याकडं मान होता तो कुस्तीला. लातूरच्या सिद्धेश्वराची यात्रा असो, माळेगावच्या खंडोबाची असो, कुस्त्यांवाचून यात्रा पुरी व्हायची नाही. त्यात निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलेलं. घरोघरच्या पोरांना लाल माती खुणावत होती. खांबावर चढून कोणती गदा मिळते, असं लोक सरांना तोंडावर विचारत. सर शांतपणे सांगत की मल्लखांब म्हणजे मल्लाचाच खांब. पैलवानाची पकड, कंबर आणि दम या लाकडावर तयार होतो. बिराजदार पुढं पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत दुसऱ्यांची पोरं घडवायला बसले, तेव्हा सर म्हणाले होते, "पैलवान मोठा होताच, वस्ताद झाला तवा आणिक मोठा झाला." हे वाक्य मी तेव्हा ऐकून सोडून दिलं. आज ते सरांनाच लागू पडतं असं वाटतं.

पावसाळ्यात खांब भिजला की सर वर्गात बसवून बाळंभटदादा देवधरांची गोष्ट सांगत. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान निजामाच्या हैदराबादेहून आले आणि त्यांनी पुण्याला आव्हान दिलं. कुणी पुढं होईना. कोवळ्या वयाच्या बाळंभटानं विडा उचलला, तयारीला मुदत मागितली आणि तो वणीच्या सप्तशृंगीला जाऊन राहिला. तिथं झाडांवर खेळणाऱ्या माकडांची पकड आणि पलटी पाहून त्याला लाकडी खांबावरचा व्यायाम सुचला, अशी आख्यायिका आहे. परत येऊन त्यानं अलीला चीत केलं आणि गुलाबनं लढायलाच नकार दिला. गोष्ट इथवर आली की आमच्यातला एकजण दर वेळी हिरमुसून विचारायचा, "सर, निजामाकडचे म्हंजे आपल्याकडचेच की?" सर म्हणायचे, "व्हय. आपल्याकडचे आले म्हणून तर मल्लखांब झाला."

मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं की खांबावरची ही कसरत त्याहून पुष्कळ जुनी आहे. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लांच्या व्यायामात ती येते. तो ग्रंथ चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा, आणि त्याची राजधानी कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आमच्या निलंग्याच्या पलीकडं. सरांना हे सांगितलं तेव्हा ते किती वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे घरीच आली म्हणायची."

बाळंभटदादांचं आयुष्य १७८० ते १८५२.  १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, बाजीराव गंगाकाठी ब्रह्मावर्ताला गेले, पण दादांची विद्या बुडाली नाही. काशीत त्यांच्या परंपरेचा आखाडा उभा राहिला, कोंडभटनाना गोडबोल्यांसारखे शिष्य तयार झाले आणि त्यांच्याकडून ती गावोगाव गेली. परमुलखात राहून आपली कला पोरांच्या अंगात घालणारं हे पहिलं मराठी मंडळ, असं मला वाटतं. तुमच्या मंडळाला दोनशे वर्षांचे पूर्वज आहेत.

पुढचा प्रवास सरांना तोंडपाठ होता, कारण त्यांच्या अमरावतीच्या संस्थेचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं होतं. मुंबईत शिवाजी पार्कला १९२५ पासून चालणाऱ्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे सर हे त्यांच्या कौतुकाचा आणखी एक विषय. नोकरी सांभाळून या माणसानं हजारो मुलांना खांबावर चढवलं, त्यात दृष्टिहीन मुलीही होत्या. परदेशांतून आलेल्यांना शिकवलं, स्वतः देशोदेशी जाऊन शिबिरं घेतली. फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली, तिथं पंधरा देशांचे खेळाडू उतरले. जपानी आणि जर्मन तरुण एरंडेल लावलेल्या खांबाला आधी नमस्कार करून मग उडी घेताना मी टीव्हीवर पाहिले. २०२४ मध्ये देशपांडे सरांना पद्मश्री मिळाली.

नातीला मराठी समजते, बोलायला ती लाजते. पण परवा तिनं फोनवर घडाघडा म्हणून दाखवलं, बगली, दसरंग, सुईदोरा, वेल, फरारा. मग विचारलं, "आबा, दसरंगला मराठीत काय म्हणतात?" मला उत्तर देता आलं नाही, गळा दाटून आला होता. तिचे सर आठवडाभर नोकरी करतात आणि रविवारची सकाळ या पोरांना देतात. त्यांच्या घरच्यांचीही ती सकाळ त्यात जाते, हे कुणीतरी लिहायला हवं.

आमच्या सरांच्या घरचंही तसंच होतं. काकूंनी कधी कुरकुर केली नाही. सरावाहून आलेल्या पोरांच्या पुढ्यात जवारीची भाकर आणि येसराची आमटी येई. किती पोरं आहेत हे त्या मोजत नसत. अंगणातल्या लिंबाला सरांनी दोर बांधला आणि धाकट्या लेकीला शिकवू लागले. गावात लोक बोलले. सरांनी गल्लीतल्या आणखी चार मुली बोलावल्या, पण लेकीची पाळी मात्र कायम शेवटी. ती म्हणायची, अंधार पडतो माझ्यापर्यंत. तर सर कंदील धरून उभे राहत.

मैदानावर नवी इमारत आली तेव्हा खांब निघाला. सरांनी बैलगाडीतून तो घरी आणला आणि लिंबाजवळ पुरला. तो आजही आहे. खालून थोडा भेगाळलाय, बोंड गुळगुळीत आहे.

नातीच्या सरांना आता लाकडी खांब तिकडंच तयार करून घ्यायचाय आणि जुन्या खांबाचं नेमकं माप हवंय. म्हणून गेल्या आठवड्यात टेप घेऊन सरांच्या घरी गेलो. ताई, म्हणजे तीच धाकटी लेक, माहेरी आलेली होती. आता तिलाही नातवंडं आहेत. बुंध्याचा घेर आम्ही खाली बसून मोजला. मानेचा मोजायला मी स्टुलावर चढलो. टेप लावता लावता खाली पाहिलं, तर ताई मान वर करून, दोन्ही हात छातीपुढे धरून उभी होती.